मासेमारी नौकेवरील फिश फाइंडर भरवशाचा ठेवण्यासाठी: बंदीच्या काळात आणि पाण्यात उतरल्यावर करायची कामे, योग्य क्रमाने

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते. या काळात नौका ओढून शाकारल्या जातात, तळ खरवडून रंगवला जातो, इंजिन उघडले जाते, जाळी विणली जातात. फिश फाइंडरकडे मात्र हंगाम सुरू झाल्यावर, पडद्यावर समुद्राचा तळ दिसेनासा झाला की मगच लक्ष जाते. तेव्हा पहिला संशय केबिनमधील संचावर घेतला जातो. संच दुरुस्तीला जातो, प्रसंगी नवा घेतला जातो आणि त्या नव्या पडद्यावरही तेच धुरकट चित्र उमटते. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक तक्रारींत दोष संचात नव्हताच. तो नौकेच्या तळाखालच्या ट्रान्सड्यूसरवर, त्याच्या जागेत, केबलमध्ये किंवा विजेच्या जोडणीत होता. म्हणून या लेखातील क्रम खालून वर जाणारा आहे: आधी पाण्यातला भाग, मग केबल, मग वीज आणि सर्वांत शेवटी पडद्यावरील सेटिंग. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो.

पुढील सूचना खाली पाहणाऱ्या साध्या सोनारला, म्हणजे ५० आणि २०० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या फिश फाइंडरला किंवा इको साउंडरला, लागू आहेत. ट्रान्सड्यूसर ध्वनीचा स्पंद खाली सोडतो, तळावरून परतलेला प्रतिध्वनी पकडतो, आणि मधल्या वेळावरून संच खोली काढतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर धरला जातो. एवढे समजले तरी पुढचे पुष्कळ काही उलगडते. पाण्यातून हवेच्या सीमेवर पोहोचलेला ध्वनी जवळजवळ सगळाच परत फिरतो, त्यामुळे ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर चिकटलेला बुडबुड्यांचा पातळसा थरसुद्धा संपूर्ण संच आंधळा करू शकतो.

टप्पा १: नौका पाण्यात असतानाच मोजमापे लिहून घ्या

नौका ओढण्याच्या आदल्या दिवशी, संच चालू असताना, एका वहीत पुढील गोष्टी लिहा: धक्क्याला दिसणारी खोली, त्या वेळी बॅटरीचे आणि संचाच्या मागच्या टोकाचे व्होल्ट, गेनचा (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा त्या नियंत्रणाचा) आकडा, आणि इंजिनाच्या किती आरपीएमला पडद्यावर ठिपके वाढू लागतात तो आकडा. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ही वही नसली की दुरुस्ती करणारा माणूस अंदाजाने काम करतो. पूर्वी काय होते हे ठाऊक नसल्यास आजचे चित्र बिघडले आहे की पहिल्यापासून तसेच होते, हे कोणालाच सांगता येत नाही.

लागणारी साधने फार नाहीत: कपॅसिटन्स मोजणारा मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारे उपकरण), मीटरची खूण केलेली न ताणणारी दोरी, तिच्या टोकाला बांधायला साधारण पंधरा ते वीस सेंटिमीटर व्यासाची सपाट लोखंडी चकती, लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी, बारीक पॉलिश पेपर आणि भांडी घासण्याचा साबण.

इशारा: नौका पाण्याबाहेर आली की संचाचा फ्यूज काढून खिशात ठेवा. ट्रान्सड्यूसर हवेत असताना संच चालू करून पाहणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाण्यात जी ऊर्जा बाहेर निघून जाते ती हवेत आतल्याआत राहते आणि सिरॅमिकची चकती निकामी होऊ शकते. नौका किनाऱ्यावर असताना दुसरा कोणी «चालू होतो का» म्हणून बटण दाबतो, तेव्हाच हे घडते.

टप्पा २: ट्रान्सड्यूसरचे तोंड साफ करणे

समुद्रातून बाहेर काढलेल्या ट्रान्सड्यूसरवर शेवाळ, बार्नेकल आणि लहान कालवे चिकटलेली असतात. ती ओली असताना सुटतात, वाळली की दगडासारखी होतात, म्हणून नौका वर येताच त्याच दिवशी हे काम उरका. लाकडी पट्टीने कडेकडेने खरवडा, उरलेले ओल्या बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धुवा. लोखंडी खरवडणी, वाळूचा फवारा, जोरदार दाबाचे पाणी अगदी जवळून, किंवा रंग जाळण्याची ज्योत यांपैकी काहीही ट्रान्सड्यूसरजवळ नेऊ नका. तळ साफ करणारे कामगार वेगळे असतील, तर त्यांचे काम सुरू होण्यापूर्वी ट्रान्सड्यूसरवर जाड रबराचा तुकडा आणि टेप लावून तो झाकून ठेवा, आणि रंग झाल्यावर तो काढायला विसरू नका. झाकण तसेच ठेवून पाण्यात उतरलेली नौकाही मी पाहिली आहे.

आता तोंड नीट न्याहाळा. पृष्ठभागावर केसासारखी चीर, फुगवटा किंवा कडेने सुटलेला थर दिसला, तर आत पाणी गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. अशा ट्रान्सड्यूसरवर वरून एपॉक्सी लावून काम भागवू नका, तो बदलावा लागतो.

तपासणी: केबलचा प्लग संचातून काढा. प्लगच्या दोन मुख्य तारांमधील कपॅसिटन्स मोजा आणि वहीत लिहा. निरोगी ट्रान्सड्यूसरचा आकडा वर्षानुवर्षे जवळपास तोच राहतो. तो एकदम खाली घसरून फक्त केबलपुरता उरला, तर आतली तार तुटलेली असते. (काही ट्रान्सड्यूसरमध्ये जुळणीचा ट्रान्सफॉर्मर असतो, तिथे हे मोजमाप उपयोगी पडत नाही.) त्यानंतर दोन्ही मुख्य तारा एकत्र धरून त्या आणि शील्ड (तारांभोवतीचे धातूचे आवरण) यांच्यातील इन्सुलेशन मेगरने मोजा. आकडा दरवर्षी घसरत असेल, तर पाणी शिरू लागले आहे. १ मेगाओमच्या खाली गेलेल्या जोडणीवर नवा हंगाम काढू नये.

इशारा: मेगर लावण्यापूर्वी केबल संचातून पूर्ण सुटी केलेली हवी, नाहीतर संचाचा रिसिव्हर जळतो. ट्रान्सड्यूसरमध्ये पाण्याच्या तापमानाचा सेन्सर किंवा इतर इलेक्ट्रॉनिक भाग असेल, तर त्यावर मेगर लावूच नका. मोजून झाल्यावर सिरॅमिकमध्ये भार साठून राहतो. प्लग परत जोडण्यापूर्वी दोन्ही तारा आणि शील्ड क्षणभर एकमेकांना टेकवून तो उतरवा.

टप्पा ३: रंग

तळाला लावायचा शेवाळरोधक रंग ट्रान्सड्यूसरवरही लावला जातो, आणि इथेच बहुतेकांचे चुकते. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर फक्त पाण्यावर आधारित (वॉटर-बेस्ड), त्यासाठीच बनवलेला शेवाळरोधक रंग, एक पातळ हात, इतकाच लावावा. थिनर किंवा ॲसिटोन असलेला रंग प्लास्टिकचे घर (बाहेरचे आवरण) आणि तोंडावरील थर हळूहळू खातो. धातूच्या घरावर तांबेयुक्त रंग लावला, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमुळे गंज सुरू होतो. तळाच्याच रंगाचा डबा वापरायचा असेल, तर ट्रान्सड्यूसरला रंग न लावता हंगामात दोन वेळा पाणबुड्या माणसाकडून तो पुसून घेणे बरे.

एका लाकडी नौकेवर तीन महिन्यांत दोन संच बदलले गेले होते. ओहोटीला तळ उघडा पडल्यावर मी ट्रान्सड्यूसरच्या कडेला नखाने खरवडले, तेव्हा काळ्या रंगाखाली निळा, निळ्याखाली लाल असे तीन हंगामांचे थर निघाले. सगळे मिळून जाडी नाण्याएवढी होती आणि थरांच्या मधे हवेचे फोड होते. थर काढून साबणाने धुतल्यावर भरतीला त्याच जागी जुन्याच संचावर तळाची जाड रेघ उमटली.

टप्पा ४: जागा बरोबर आहे का

हा भाग सावकाश वाचावा, कारण चुकीच्या जागी बसवलेला ट्रान्सड्यूसर कितीही जपला तरी भरवशाचा होत नाही. धक्क्याला त्याचे चित्र छान दिसते, त्यामुळे बसवणारा माणूस निघून जातो. नौका वेग घेते किंवा लाटा उठतात तेव्हा चित्र तुटते.

सावकाश चालणाऱ्या जड नौकेवर ट्रान्सड्यूसर नाळेपासून (नौकेच्या पुढच्या टोकापासून) एकूण लांबीच्या साधारण एक तृतीयांश ते निम्म्या अंतरावर, कीलच्या (तळाच्या मधल्या कण्याच्या) शक्य तितक्या जवळ हवा. त्याहून पुढे गेल्यास नाळेने कापलेल्या लाटेचे बुडबुडे तळाखाली ओढले जाऊन त्यावरून वाहतात, आणि रिकामी नौका पुढून उचलली गेल्यावर तो पाण्याबाहेरही येतो. त्याहून मागे गेल्यास पंख्याचा (प्रोपेलरचा) गोंगाट वाढतो. कीलला खेटून ठेवल्यास कीलची सावली पडून ध्वनीचा झोत एका बाजूने कापला जातो, तेव्हा थोडे अंतर ठेवावे लागते. एकच पंखा असेल, तर त्याची पाती ज्या बाजूला खाली जाताना फिरतात ती बाजू निवडा. मागून पाहता उजवीकडे फिरणाऱ्या पंख्यासाठी ही नौकेची उजवी बाजू असते. त्या बाजूला वर ढवळले जाणारे बुडबुडे कमी असतात.

ट्रान्सड्यूसरच्या पुढच्या रेषेत काय आहे, हेही तेवढेच महत्त्वाचे. इंजिनासाठी समुद्राचे पाणी घेणारे तोंड, पाणी बाहेर टाकणारी नळी, झिंकचे तुकडे, फळ्यांचे वर आलेले सांधे, जुन्या ट्रान्सड्यूसरचे बुजवलेले भोक, यांपैकी काहीही त्याच रेषेत पुढे असले, तर पाण्याचा प्रवाह तिथे फाटतो आणि बुडबुडे थेट तोंडावर येतात. नाळेकडे उभे राहून ट्रान्सड्यूसरपर्यंत एक दोरी ताणून पाहा. दोरीच्या वाटेत जे जे येते ते प्रवाहाच्याही वाटेत येते.

तपासणी: नौका उभी असताना ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर पाणसळ ठेवा. तोंड आडवे हवे. तळ तिरका असल्यास लाकडाचा किंवा प्लास्टिकचा आकार दिलेला ठोकळा बसवून ते आडवे करतात. ठोकळ्याचे पुढचे टोक निमुळते आणि गुळगुळीत हवे. बोथट ठोकळा स्वतःच बुडबुडे तयार करतो.

टप्पा ५: बसवणे

लाकडी नौकेत प्लास्टिकच्या घराचा ट्रान्सड्यूसर आरपार बसवू नका. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि प्लास्टिक तडकते, म्हणून तिथे ब्राँझचे घर वापरतात. लोखंडी नौकेत उलट, ब्राँझ टाळून स्टेनलेस स्टील वापरावे लागते, नाहीतर दोन धातूंच्या जोडीमुळे लोखंड गंजते. फायबरच्या नौकेत तळ एकसंध आहे की मधे फोम किंवा लाकडाचा गाभा आहे, हे आधी पाहा. गाभा असल्यास भोकाच्या कडेने तो खरवडून तिथे एपॉक्सी भरून मगच बसवा, नाहीतर गाभा पाणी शोषत राहील.

भोक न पाडता आतून तळाला चिकटवण्याची पद्धत फक्त एकसंध फायबरमध्ये चालते. लाकडातून किंवा गाभ्यातून ध्वनी नीट जात नाही. चिकटवतानाही खाली एक बुडबुडा राहिला तरी काम वाया जाते. म्हणून आधी पाण्याची पिशवी किंवा पाणी साठेल असा उंच कडा करून त्यात ट्रान्सड्यूसर ठेवून चित्र पाहावे, जागा पटली तरच चिकटवावे.

आरपार बसवताना समुद्री कामाचे पॉलियुरेथेन सीलंट वापरा, आणि नट हाताने घट्ट करून त्यानंतर पान्याने थोडाच आवळा. नट जीव खाऊन आवळला की प्लास्टिकचे आटे फुटतात आणि सीलंट सगळे बाहेर पिळून निघते. केबलला धरून ट्रान्सड्यूसर उचलू नका, लटकवू तर मुळीच नका.

पाण्यात उतरवण्याच्या आदल्या रात्री तोंड साबणाने पुन्हा एकदा धुवा. नव्या ट्रान्सड्यूसरच्या पृष्ठभागाला बोटांचे तेल आणि कारखान्यातील मेणचट थर असतो. त्याला पाणी भिजवत नाही आणि हवेचे बारीक थेंब तिथे चिकटून राहतात. नवा ट्रान्सड्यूसर पहिले काही दिवस नीट दिसत नाही आणि मग आपोआप सुधारतो, ही तक्रार बहुधा याच कारणाने येते.

इशारा: लोखंडी नौकेवर बंदीच्या काळात वेल्डिंग होणार असेल, तर त्याआधी ट्रान्सड्यूसरची केबल आणि संचाची वीज दोन्ही सुटी करा, आणि ट्रान्सड्यूसरच्या आसपास वेल्डिंग करायचे असल्यास तो काढून ठेवा.

टप्पा ६: केबल

ट्रान्सड्यूसरवर परतणारा प्रतिध्वनी विजेच्या अगदी क्षीण लहरीच्या रूपात केबलमधून वर येतो. म्हणूनच ही केबल वायरलेस संचाच्या अँटेनाच्या, अल्टरनेटरच्या आणि पंपाच्या तारांसोबत एकत्र बांधू नये. त्या ओलांडायच्याच असतील, तर काटकोनात ओलांडाव्या. केबल जास्त लांब असली तरी ती कापून छोटी करू नका, आणि उरलेली केबल गोल वेटोळे करून वीजतारांवर टांगू नका. सैल नागमोडी वळणे घालून कोरड्या जागी बांधा.

जोड टाळावा, आणि टाळता आला नाही तर तळाच्या साचलेल्या पाण्याच्या पातळीपासून उंच, सोल्डर करून, आत चिकट पदार्थ असलेली आकुंचन पावणारी नळी चढवून, शील्डसह जोडावा. नुसत्या पिळलेल्या तारा आणि वर काळी टेप हा जोड खाऱ्या हवेत एक हंगामही टिकत नाही. प्लगच्या पिना मऊ कापडाने पुसा, हिरवटपणा असेल तर विजेच्या संपर्कासाठीचा क्लीनर फवारा, आणि प्लग हाताला घट्ट बसतो का ते पाहा.

टप्पा ७: वीज

संच कितीही चांगला असो, त्याला मिळणारे व्होल्ट लटपटत असतील तर तो भरवशाचा राहणार नाही. संचाची वीज थेट बॅटरीच्या टोकांपासून, स्वतःच्या फ्यूजमधून, स्वतंत्र जोडतारेने घ्या. इंजिन सुरू करायच्या बॅटरीवर तो जोडलेला असेल, तर प्रत्येक वेळी स्टार्टर फिरताना व्होल्ट कोसळतात आणि संच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. काही दिवसांनी तो सेटिंगही विसरू लागतो.

तारेची जाडी हिशोबाने घ्या. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण ०.००७ ओहम रोध असतो. बॅटरीपासून केबिनपर्यंत १० मीटर अंतर म्हणजे जाऊन येऊन २० मीटर तार, म्हणजे ०.१४ ओहम. संचाने ५ अँपिअर घेतले, तर वाटेतच ०.७ व्होल्ट गळतात. १२ व्होल्टच्या नौकेवर हे नुकसान मोठे आहे, २४ व्होल्टच्या नौकेवर तितके जाणवत नाही.

मोजण्याची पद्धतही अनेकदा चुकते. संच बंद ठेवून मीटर लावला, तर खराब जोडातूनही पूर्ण व्होल्ट दिसतात, कारण प्रवाहच वाहत नसतो. संच चालू करून, खोलीची रेंज मोठी ठेवून, संचाच्या मागच्या टोकाशी मोजा. एका ट्रॉलरवर बंद संचाच्या टोकाला १२.५ व्होल्ट मिळत होते, आणि संच चालू करताच काटा १० च्या खाली येत होता. तार हाताने चाचपत इंजिनाच्या खोलीपर्यंत गेलो, तर एका वळणावर टेपचा जोड सापडला. टेप सोलली तेव्हा आत तांब्याऐवजी हिरवट ओलसर भुकटी बोटांना लागली. त्या नौकेवर तोवर ट्रान्सड्यूसर बदलण्याचे पैसे ठरलेले होते.

तपासणी: चार आकडे वहीत हवेत, म्हणजे बॅटरीवर आणि संचाशी, इंजिन बंद असताना आणि चालू असताना. बॅटरी आणि संच यांच्यातील फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल, तर एकेक जोड उघडून पाहा. ऋण बाजूची तारही विसरू नका, बरेच दोष तिच्यातच असतात.

टप्पा ८: पाण्यात उतरल्यावर खोली पडताळणे

धक्क्याला, किमान ५ मीटर पाणी असलेल्या जागी, इंजिन बंद ठेवून संच चालू करा. अगदी उथळ पाण्यात स्पंद सोडल्यानंतरची घरघर तळाच्या प्रतिध्वनीवर चढते, म्हणून तिथली चाचणी ग्राह्य धरू नये. नौकेच्या तळाशी आत उतरून कान लावल्यास ५० किलोहर्ट्झवर ट्रान्सड्यूसरची बारीक टिकटिक ऐकू येते. ती ऐकू आली म्हणजे स्पंद सुटतो आहे, एवढे तरी निश्चित होते.

मग चकती बांधलेली दोरी ट्रान्सड्यूसरच्या सरळ रेषेत, नौकेच्या कडेने सोडा. टोकदार शिसे वापरू नका. खाड्यांच्या मुखाशी गाळ मऊ असतो, शिसे त्यात रुतते आणि दोरी जास्त खोली दाखवते, तर २०० किलोहर्ट्झचा ध्वनी त्याच पातळ गाळाच्या वरच्या थरावरून परततो. सपाट चकती वरच राहते. दोरी आधी भिजवून, मीटरच्या टेपने मोजून खुणा केलेली हवी.

आता तीन गोष्टी मिळवून पाहा.

पहिली, एकक. आपल्याकडे खोली वावेत बोलली जाते, संच मीटर, फूट किंवा फॅदम यांपैकी काहीही दाखवू शकतो. १ वाव म्हणजे ६ फूट, सुमारे १.८३ मीटर. सेटिंग पुसले गेल्यावर संच मीटरवर गेला आणि तांडेल (नौकेचा प्रमुख) तो आकडा वाव समजला, तर २० वाव समजलेले पाणी प्रत्यक्षात ११ वावही नसते. पडद्याच्या कोपऱ्यातील छोटे अक्षर आधी वाचा.

दुसरी, ट्रान्सड्यूसरची बुडी. संच स्वतःच्या तोंडापासून खाली मोजतो. तो पाण्याच्या पातळीखाली १.२ मीटर असेल आणि सेटिंगमध्ये हा आकडा भरलेला नसेल, तर १०.४ मीटर पाण्यात तो ९.२ दाखवेल. नकाशाशी तुलना करताना भरतीची उंचीही मिळवावी लागते. राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशावर ८ मीटर छापले असेल आणि त्या वेळी भरती २.४ मीटर असेल, तर प्रत्यक्ष पाणी १०.४ मीटर असते. हे न करता «संच चुकतो» असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत.

तिसरी, ध्वनीचा वेग. अरबी समुद्राच्या २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात तो सुमारे १५४० मीटर असतो. संच १५०० धरून चालला, तर ५० मीटरचे पाणी सुमारे ४८.७ मीटर दिसते. मासेमारीला ही चूक चालते, आणि ती सुरक्षित बाजूची आहे. पावसाळ्यानंतर खाडीत गोडे पाणी मिसळलेले असते, तेव्हा फरक आणखी वेगळा पडतो. संचात खारे आणि गोडे पाणी निवडायची सोय असेल, तर ती बरोबर ठेवा, पण खोली जुळत नाही म्हणून पहिल्याच झटक्यात वेगाला हात लावू नका. फरक सर्व खोल्यांवर सारखाच असेल, तर दोष बुडीच्या आकड्यात आहे. खोली वाढेल तसा फरकही वाढत जात असेल, तरच वेगाकडे पाहा.

टप्पा ९: गोंगाटाची चाचणी

शांत समुद्रात, २० ते ३० मीटर सपाट पाण्यात जा. गेन थोडा वाढवून ठेवा, आणि पुढील क्रम मोडू नका.

१. इंजिन बंद, बाकी सर्व बंद. पडदा स्वच्छ हवा. इथेच ठिपके असतील, तर दोष संचात, केबलच्या शील्डमध्ये किंवा जवळच्या दुसऱ्या नौकेच्या सोनारमध्ये आहे. दुसऱ्या नौकेचा त्रास तिरक्या तुटक रेघांनी ओळखता येतो, आणि संचातील अडथळा-निवारण सुरू केल्यास तो जातो.

२. इंजिन बंदच ठेवून वायरलेस, जीपीएस, दिवे, पंप एकेक करून चालू करा. ज्याने ठिपके वाढतील त्याची तार ट्रान्सड्यूसरच्या केबलपासून दूर न्या. स्वस्त एलईडी दिव्यांचे आणि चार्जरचे इन्व्हर्टर इथे वारंवार सापडतात.

३. इंजिन सुरू, गिअर न्यूट्रल, आरपीएम हळूहळू वाढवा. ठिपके आरपीएमबरोबर वाढले, तर अल्टरनेटर, सैल अर्थिंग किंवा इंजिनाचा कंप कारणीभूत आहे. पंखा फिरतच नाही, तेव्हा त्याला दोष देऊ नका.

४. गिअर टाकून वेग वाढवा आणि ठिपके सुरू होतात तो आरपीएम लिहा. मग वेगात असतानाच न्यूट्रल करा. नौका पुढे सरकत असूनही पडदा लगेच साफ झाला, तर गोंगाट पंख्याचा आहे, म्हणजे वाकलेले पाते, पंख्यात अडकलेली जाळ्याची दोरी किंवा झिजलेले बेअरिंग. न्यूट्रल करूनही वेग कमी होईपर्यंत ठिपके राहिले, तर ट्रान्सड्यूसरवरून वाहणारे बुडबुडे हेच कारण आहे, आणि टप्पा ४ कडे परत जावे लागेल.

५. त्याच वेगात डावीकडे आणि उजवीकडे वळून पाहा. एकाच बाजूच्या वळणात चित्र तुटत असेल, तर बुडबुडे कोणत्या बाजूने येतात ते कळते.

ही चाचणी अर्ध्या तासाची आहे. ती न करता ट्रान्सड्यूसर दुसऱ्या जागी हलवणे म्हणजे तळाला आणखी एक भोक पाडणे.

टप्पा १०: सेटिंग

आता कुठे पडद्याकडे वळायचे. गेन हळूहळू वाढवा. पाण्याच्या मधल्या भागात बारीक ठिपके दिसू लागले की किंचित मागे घ्या. गेन कायम टोकाला ठेवणारे तांडेल गढूळ पडद्यातून मासा शोधत बसतात. वरच्या थरातील गोंगाट दाबणारे नियंत्रण फार वाढवले, तर वरच्या पाण्यातली बांगड्याची झुंडही पुसली जाते.

वारंवारता कामानुसार निवडा. २०० किलोहर्ट्झचा झोत अरुंद आणि बारकावे दाखवणारा, ५० किलोहर्ट्झचा रुंद आणि खोल जाणारा. झोताचा कोन १० अंश असेल, तर ५० मीटर खाली सुमारे ९ मीटर व्यासाचा तुकडा दिसतो. ४० अंश असेल, तर तो ३६ मीटर होतो. उतारावर रुंद झोत सर्वांत जवळचा तळ दाखवतो, म्हणजे प्रत्यक्षाहून कमी खोली. स्पंदाची लांबी १ मिलिसेकंद असेल, तर एकमेकांपासून ७५ सेंटिमीटरच्या आत असलेल्या दोन गोष्टी एकच दिसतात. तळाला चिकटून असलेला मासा वेगळा दिसावा यासाठी लांबी कमी करा.

इशारा: खोट्या तळाला फसू नका. उथळ, कठीण तळावर दुप्पट खोलीला दुसरी फिकट रेघ दिसते, ती तळ आणि पाण्याचा पृष्ठभाग यांच्यात ध्वनीने केलेली दुसरी फेरी असते. खोल पाण्यात उलटा धोका असतो. स्पंद दर ०.४ सेकंदांनी सुटत असेल आणि तळ ४०० मीटरवर असेल, तर आधीच्या स्पंदाचा प्रतिध्वनी पुढच्या स्पंदानंतर पोहोचतो आणि पडद्यावर १०० मीटरचा तळ दिसतो. रेंज बदलून पाहा किंवा स्पंदांचा वेग कमी करा. खरा तळ जागेवर राहतो, खोटा हलतो किंवा नाहीसा होतो.

टप्पा ११: समुद्रात चित्र गेले, तर कोणत्या क्रमाने पाहावे

आधी नौका थांबवा. थांबताच चित्र परतले, तर दोष बुडबुड्यांचा किंवा पंख्याचा आहे, संच उघडू नका. परतले नाही, तर रेंज आणि गेन हाताने ठेवून पाहा, कारण स्वयंचलित पद्धत कधीकधी तळ हरवून भलत्याच रेंजवर अडकते. मग संचाच्या टोकाचे व्होल्ट, मग फ्यूज, मग प्लग काढून पुसून पुन्हा बसवणे, मग टिकटिक ऐकू येते का ते पाहणे. टिकटिक ऐकू येते पण तळ नाही, अशा वेळी ट्रान्सड्यूसरवर प्लास्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा अडकलेला असू शकतो. थोडे मागे जाऊन पुन्हा पुढे या. टिकटिकच नसेल, तर बंदरात परतल्यावर कपॅसिटन्स आणि इन्सुलेशन मोजून वहीतील जुन्या आकड्यांशी पडताळा, आणि दुरुस्तीला जाताना संचासोबत ती वहीही न्या.